भट्टीत गेल्यावर उरतं काय?

‘माती आणि भट्टी’ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात झिलईसाठी (भांड्यावर भाजून बसवलेल्या काचेसारख्या थरासाठी) अंड्याची टरफलं वापरता येतात असं एक वाक्य मी ओघात लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेक पत्रांतला सूर एकच आहे : स्वयंपाकघरातून रोज जे बाहेर टाकतो, त्यातलं मातीच्या कामात काय चालेल? मी तो प्रश्न थोडा बदलून घेते. जी वस्तू तुम्ही भट्टीत घालणार, ती हजार अंशांवर गेल्यावर तिचं काय उरतं? चुना उरतो, राख उरते, काच वितळते, की नुसती पोकळी राहते? हे एकदा कळलं, की ती वस्तू कुठे वापरायची आणि कुठे मुळीच नाही, हे निम्मं सुटतं. (सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.)

प्रश्न : अंड्याची टरफलं खलबत्त्यात कुटून मातीत मिसळली आणि वाट्या केल्या. हजार अंशांपर्यंत भाजल्या, छान निघाल्या. आठवड्याभरात मात्र त्यांच्यावरून टिकल्यांएवढे पोपडे उडू लागले. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. माती खराब होती का?

उत्तर : तुमच्या मातीत दोष नाही. तो पांढरा ठिपका म्हणजे चुना.

टरफलाचा साधारण ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो. खडू, चुनखडी आणि शिंपले यांचंही मुख्य द्रव्य तेच. साधारण ८५० अंशांच्या आसपास त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना मागे राहतो. शंभर ग्रॅम कार्बोनेटचा छप्पन्न ग्रॅम चुना होतो. या कळीच्या चुन्याला पाण्याची फार ओढ. तुमच्या वाट्या भट्टीबाहेर आल्यावर हवेतला दमट अंश भाजलेल्या मातीच्या छिद्रांतून आत शिरला, चुन्याचे कण विरले, फुगले, आणि फुगताना त्यांनी वरची माती उडवली. वीट भाजणाऱ्यांना हा त्रास फार जुन्या काळापासून माहीत आहे, कारण कित्येक मातींत चुनखडीचे खडे मुळातच असतात. त्यावर त्यांचा एक उपायही आहे : विटा भट्टीतून काढल्या की लगेच पाण्यात बुडवायच्या. पाणी भरपूर मिळालं की चुना एकदम विरतो, मऊ लोण्यासारखा होतो आणि जोर न लावता छिद्रांत पसरतो. पुढच्या वेळी भाजलेल्या वस्तू पूर्ण निवल्याबरोबर हे करून पाहा. आताच्या वाट्या मात्र वाचणार नाहीत. त्यांत खायला काही देऊ नका, कारण पोपडे पडतच राहतील.

खरा इलाज कणाच्या आकारात आहे. कण बाजरीएवढा असेल तर तो माती फोडतो. पिठासारखी बारीक पूड मातीत सगळीकडे सारखी पसरते आणि तिच्यामुळे काही उडत नाही. पण मला विचाराल तर टरफलांची जागा मातीच्या अंगात नाहीच, ती झिलईत आहे. झिलईत कॅल्शियम लागतोच. त्यासाठी आपण खडूची पूड विकत आणतो, आणि टरफलाची पूड रसायनाच्या दृष्टीने जवळजवळ तीच वस्तू आहे.

तयारी अशी करा. टरफलं धुऊन दहाएक मिनिटं उकळा. उकळल्याने जंतू मरतात आणि आतला पातळ पापुद्रा सुटतो. तो शक्य तेवढा चोळून काढा, कारण झिलईच्या बादलीला पुढे जो कुबट वास येतो तो त्याच्यामुळे. कडक वाळवा, कुटा, मग पाणी घालून घोटा. कोरडं दळाल तर पूड नाकात जाते, शिवाय पाण्यात ती जास्त बारीकही होते. शेवटी १०० नंबरच्या (एका इंचात शंभर छिद्रांच्या) चाळणीतून गाळा. ती चाळणी नसेल तर घट्ट विणीच्या कापडातून वस्त्रगाळ करा. वर राहील ते परत घोटायला घ्या. यासाठी वापरलेलं मिक्सरचं भांडं पुन्हा खाण्यासाठी वापरू नका.

पूड आधी भाजून चुना करून मग बादलीत टाकावी, असं काहींना सुचतं. ते करू नका. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळल्यासारखा तापतो आणि कातडी जाळतो. शिवाय झिलई दह्यासारखी घट्ट होऊन बसते. कच्ची पूडच वापरायची, भाजण्याचं काम भट्टी करते.

सुरुवातीसाठी स्टुडिओतल्या लोकांचं ४-३-२-१ हे जुनं प्रमाण घ्या : चार भाग फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं एक खनिज), तीन भाग क्वार्ट्झची म्हणजे गारगोटीची पूड, दोन भाग खडू, एक भाग केओलिन (पांढरी चिनी माती). १२८० अंशांच्या पुढे ही पारदर्शक झिलई होते. खडूच्या जागी तेवढ्याच वजनाची टरफलाची पूड घाला. एका अंड्याचं वाळलेलं टरफल पाच-सहा ग्रॅमचं असतं, म्हणजे शंभर ग्रॅम झिलईला चार टरफलं पुरतात. हजार अंशांच्या भट्टीसाठी हे प्रमाण नाही. तिथे कॅल्शियम एकट्याने काही वितळवत नाही, झिलई कोरडी आणि खडबडीत राहते.

प्रश्न : चहाचा चोथा आणि कॉफीचा साका मातीत घातला तर तपकिरी रंग येईल का? चहाच्याच चोथ्याचा चहाचा कप करायचा फार मनात आहे.

उत्तर : रंग येणार नाही. चोथा हा जवळजवळ सगळा जळणारा पदार्थ. पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तो धूर होऊन जातो आणि मागे चिमूटभर राख आणि चोथ्याच्या आकाराची पोकळी उरते. कच्च्या मातीवर दिसणारे ते सुंदर काळपट ठिपके भाजल्यावर भोकं झालेले असतात.

पण ही पोकळी टाकाऊ नाही. भट्टीच्या आत ज्या हलक्या, उष्णतारोधक विटा लावतात, त्यांतल्या कित्येक याच तत्त्वावर बनतात : मातीत लाकडाचा भुसा घालायचा, भाजताना तो जळून जातो आणि राहिलेल्या पोकळ्यांत हवा अडकते. चोथ्याची माती अशीच हलकी आणि सच्छिद्र होते. झाडाच्या कुंडीला ती उत्तम, मुळांना हवा मिळते. झाडाला सावकाश पाणी झिरपवणारं मडकं करायचं तरी उत्तम. कपाला मात्र ती नको. भिंत कमजोर होते, चहा आत मुरतो, कानाच्या जोडाशी तडा जातो. तुमच्या मनातली कल्पना गोड आहे म्हणून एक वाट सांगते : कप चांगल्या घट्ट मातीचा करा आणि त्याच्याखालची बशी चोथ्याची करा. सच्छिद्र बशी ओघळलेला थेंब शोषून घेते.

चोथा पूर्ण वाळवूनच मिसळा. ओला घातलात तर दोन दिवसांत मातीला बुरशी येते. आकारमानाने पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नका. भाजताना सातशे अंशांपर्यंत अगदी हळू चढा आणि भट्टीचं झडपं उघडं ठेवा. घाई केली तर कार्बन आतच कोंडतो, भांडं मोडल्यावर मधोमध काळा पट्टा दिसतो आणि वरच्या तापमानाला तीच जागा फुगते. विजेच्या भट्टीत असा धूर वरचेवर झाला तर तिच्या तारांचं आयुष्य घटतं. बंद खोलीत भट्टी असेल तर हा प्रयोग करूच नका.

प्रश्न : आमच्याकडे भट्टी नाही. टरफलांची पूड डिंकात किंवा स्टार्चमध्ये कालवून, साच्यात दाबून, ओव्हनमध्ये वाळवलं तर ते सिरॅमिक होतं ना?

उत्तर : नाही होत. मातीतल्या केओलिनच्या कणांत बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघून जातं. त्यानंतरच ती माती पाण्यात परत विरघळेनाशी होते. घरचा ओव्हन अडीचशेच्या आसपास थांबतो. तुमचं मिश्रण कडक होईल, हातात धरायला छानही लागेल, पण ते चिकटवलेलं आहे, भाजलेलं नाही. पाण्यात ठेवलं की डिंक सुटतो. दिव्याचं झाकण, भिंतीवरची चकती, मण्यांची माळ यांसाठी जरूर करा, लहान मुलांसोबत तर नक्की करा. विकताना मात्र त्याला सिरॅमिक म्हणू नका. समोरचा माणूस विश्वासाने त्यात पाणी ओतेल.

भट्टीशिवाय खरोखर भाजायचं असेल तर मोकळ्या जागेतला खड्डा किंवा छिद्रं पाडलेला पत्र्याचा पिंप घ्या. भुसा आणि लाकूड यांवर सातशे-आठशे अंश गाठता येतात. तिथे तुमच्या केराच्या टोपलीला खरं काम आहे. वाळलेल्या केळीच्या साली भांड्याभोवती गुंडाळा : त्यांतलं पोटॅश (पोटॅशियमचे क्षार) आणि धूर मिळून राखाडी-काळ्या, कधी पिवळसर छटा उमटतात. कॉफीचा वाळलेला साका गडद डाग देतो. मीठ शिंपडलं तर केशरी झाक येते, पण मिठाच्या धुराने घसा आणि डोळे जळतात, म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा आणि विजेच्या भट्टीत मीठ कधीही घालू नका. भांडं आधी गुळगुळीत दगडाने घोटून घ्या, घोटलेल्या अंगावर हे डाग उठून दिसतात. अशी भांडी पाणी झिरपू देतात, म्हणून ती शोभेचीच.

प्रश्न : घरात लाकडाची चूल आहे. राख भांडी घासायला वापरतो, तरी ढीग उरतो. झिलईला चालेल?

उत्तर : तुमच्या पत्राने मला खरंच आनंद झाला. माणसाने केलेल्या सगळ्यात जुन्या, उंच तापमानाच्या झिलया राखेच्याच आहेत. चीनमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, शांग राजवटीच्या काळात, त्या सुरू झाल्या. भट्टीतल्या लाकडाची राख आचेसोबत उडून भांड्यांच्या खांद्यांवर बसायची आणि तिथे वितळून चकाकायची. ते पाहून कुंभारांनी राख मुद्दाम लावायला घेतली. लाकडाच्या राखेत कॅल्शियम भरपूर असतं, थोडं पोटॅश, मॅग्नेशियम, फॉस्फरस, थोडी सिलिका (वाळूचं मुख्य द्रव्य). वितळायला आणि वितळवायला लागणारं बरंच काही तिच्यात आयतं असतं.

पहिली चाचणी अगदी साधी घ्या. चाळलेली राख आणि कुठलीही लाल माती, दोन्ही कोरडी, समान वजनाने. पाण्यात सायीइतकी दाट कालवा, एकदा भाजलेल्या चकतीच्या वरच्या अर्ध्या भागाला लावा आणि १२६० ते १२८० अंशांना भाजा. तपकिरी-हिरव्या ओघळांची झिलई मिळते, कारण लाल मातीतलं लोह रंग देतं. ओघळ म्हणजे ओघळच : चकतीखाली जुन्या फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर झिलई वाहत जाऊन भट्टीच्या फळीला चिकटते. ओघळ नको असतील तर मातीचा भाग वाढवा.

राख धुवायची की नाही, यावर दोन मतं आहेत. न धुतलेली राख जास्त जिवंत दिसते, कारण तिच्यात विरघळणारे क्षार असतात. पण हेच क्षार बादलीत हळूहळू झिलईचा पोत बदलतात, आणि ते पाणी हातांना जाळतं. मी धुते. राख भरपूर पाण्यात ढवळायची, तरंगणारे कोळसे काढायचे, रात्रभर ठेवायची, वरचं पिवळसर, बोटांना बुळबुळीत लागणारं पाणी ओतून टाकायचं, आणि असं दोन-तीनदा. हे सगळं रबरी हातमोजे घालून, डोळ्यांना चष्मा लावून.

दोन गोष्टी आवर्जून पाळा. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक ज्या चुलीत जळलं तिची राख घेऊ नका, त्या रंगांत शिसं असू शकतं. आणि राख एकदम भरपूर गोळा करून, एकत्र चाळून, एकाच डब्यात ठेवा. प्रत्येक झाडाची राख वेगळी, त्याच झाडाच्या खोडाची आणि सालीची वेगळी. आज मिळालेला रंग पुढच्या ढिगातून मिळेलच असं नाही. भाताच्या तुसाची राख मिळाली तर ती वेगळ्या डब्यात ठेवा. तूस जळल्यावर वजनाचा साधारण पाचवा भाग राख उरते आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. ती वितळवायला मदत करत नाही, उलट झिलई दाट आणि दुधाळ करते. लाकडाची राख, तुसाची राख आणि फेल्डस्पार समान घेऊन १२८० च्या पुढे भाजा. ढगाळ पांढरा रंग येईल. जपानी कुंभारांनी या पांढऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम केलं आहे. तुसाची राख हाताळताना तोंडावर चांगला मास्क हवाच, सिलिकाची धूळ फुप्फुसातून परत निघत नाही.

प्रश्न : बोन चायनात खरंच हाडं असतात का? मग घरातली हाडं वापरता येतील?

उत्तर : असतात, आणि नावापुरती नाही, जवळजवळ निम्मी. अठराव्या शतकाच्या मध्याला लंडनजवळच्या बो इथल्या कारखान्यात टॉमस फ्रायने मातीत हाडांची राख घातली. पुढे १७९० च्या दशकात स्टोक-ऑन-ट्रेंटला स्पोड पिता-पुत्रांनी तिचं प्रमाण बसवलं : साधारण निम्मी हाडांची राख, उरलेल्यात केओलिन आणि कॉर्निश स्टोन (फेल्डस्पार असलेला एक इंग्लिश दगड). जळलेल्या हाडात कॅल्शियम फॉस्फेट उरतं. त्यातूनच ती शुभ्रता येते आणि उजेडासमोर धरल्यावर दिसणारी पारदर्शक झाकही.

घरी बोन चायनाचा कप करायला मात्र मी सुचवणार नाही. त्या मातीला लवचीकपणा जवळजवळ नसतो, चाकावर ती उभी राहत नाही. भाजतानाही योग्य तापमानाची खिडकी अगदी अरुंद, जरा पुढे गेलं की भांडं बसतं. झिलईत चिमूट घालणं जमण्यासारखं आहे. हाडं मांस-चरबी पूर्ण निघेपर्यंत उकळा, वाळवा, मातीच्या उघड्या भांड्यात हजार अंशांना पांढरीशुभ्र होईपर्यंत भाजा आणि दळा. शंभर ग्रॅम पारदर्शक झिलईत तीन ते पाच ग्रॅम घातली तर किंचित दुधाळपणा येतो. हाडं मध्ये काळी दिसली तर कार्बन उरला आहे, परत भाजा. ज्यांना हाडं नको असतील त्यांच्यासाठी खनिजांपासून बनवलेलं कॅल्शियम फॉस्फेट मिळतं.

प्रश्न : रिकाम्या काचेच्या बाटल्या?

उत्तर : बाटलीची काच म्हणजे साधारण ७० ते ७४ टक्के सिलिका, १३-१४ टक्के सोडा आणि दहाएक टक्के चुना. ती सातशेच्या पुढे मऊ पडते आणि हजारला छान वाहते, म्हणून कमी तापमानाच्या भट्टीवाल्यांना ती सोयीची. शंभरात ऐंशी भाग काचेची बारीक पूड आणि वीस भाग केओलिन इथून सुरुवात करा. केओलिन नसेल तर काच बादलीच्या तळाशी दगडासारखी बसते. सोड्यामुळे ही झिलई निवताना खालच्या मातीपेक्षा जास्त आकसते आणि तिच्यावर बारीक भेगांची जाळी येते. फुलदाणीवर ती देखणी दिसते. ताटात नको, भेगांत अन्न अडकतं.

काच घरच्या मिक्सरमध्ये दळू नका. जाड कापडात गुंडाळून, चष्मा घालून लोखंडी खलात कुटा, ओली घोटा. हे जमणार नसेल तर बाटल्या पुनर्वापराला देऊन टाका. काचेचा कारखाना त्यांचं आपल्यापेक्षा चांगलं काही करतो.

प्रश्न : या झिलईची भांडी जेवायला चालतील का? आणि विजेवर भट्टी चालवायची तर यात पर्यावरणाचं भलं किती?

उत्तर : दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही महत्त्वाचे.

पहिल्यासाठी घरगुती चाचणी : भांड्यात थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चोवीस तास ठेवा, मग धुऊन पाहा. रंग उतरला, चकाकी मंदावली, बोटाला खरखर लागली तर ती झिलई अन्नासाठी नाही. चाचणीत पास झाली म्हणजे सुरक्षित ठरली असं मात्र नाही, कारण शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू डोळ्यांना न दिसता उतरतात. प्रयोगशाळेतही याच धर्तीची परीक्षा असते : ४ टक्के ॲसेटिक आम्ल, २२ अंशांच्या आसपास, चोवीस तास, आणि मग त्या आम्लात उतरलेले धातू मोजतात. विकायची भांडी असतील तर तो अहवाल घ्याच. घरच्या कचऱ्यातून कोणतं द्रव्य आलं आहे हे आपल्याला पूर्ण माहीत नसतं, म्हणून माझा नियम कडक आहे : अशी झिलई बाहेरून. आतून आणि ओठ लागतो त्या कडेला भरवशाची, तपासलेली झिलई.

दुसऱ्याबद्दल. चार टरफलांनी वीस ग्रॅम खडू वाचतो. एका भाजणीची वीज त्यापुढे कितीतरी मोठी आहे. टरफलाच्या झिलईवर ‘पर्यावरणपूरक’ असं लेबल लावणं मला पटत नाही. खरी बचत दुसरीकडे आहे. भट्टी पूर्ण भरल्याशिवाय पेटवू नये, आणि मनासारखं न झालेलं भांडं भाजूच नये. कच्चं भांडं पाण्यात टाकलं की दुसऱ्या दिवशी परत माती. भाजलं की हजारो वर्षं ते खापरच राहतं. स्टुडिओतली सगळ्यात मोलाची पुनर्वापराची वस्तू म्हणजे ही न भाजलेल्या तुकड्यांची बादली.

प्रश्न : फुटलेले कप आणि अंड्यांचे कागदी ट्रे साठवून ठेवले आहेत. टाकू का?

उत्तर : दोन्ही ठेवा. झिलई नसलेली खापरं कुटून एक मिलीमीटरच्या आतली भरड चाळून घ्या आणि नव्या मातीत दहा ते वीस टक्के मळा. ती आधीच आकसून झालेली असते, त्यामुळे मोठ्या वस्तू वाळताना कमी वाकतात, कमी तडकतात. अगदी बारीक धूळ चाळून काढा, तिचा उपयोग होत नाही. झिलई असलेले कप वापरणार असाल तर त्या झिलईचं तापमान तुमच्या भट्टीपेक्षा खालचं नाही ना, हे आधी एका तुकड्यावर पाहा. नाहीतर ती आत वितळून बाहेर येते.

ट्रे गरम पाण्यात रात्रभर भिजवून त्यांचा लगदा करा, पिळून काढा आणि सायीसारख्या दाट मातीत कालवा. आकारमानाने चौथा हिस्सा लगदा पुरतो. हे मिश्रण प्लॅस्टरच्या लादीवर पसरून मळण्याइतकं घट्ट होऊ द्या. कागदाचे तंतू मातीला आतून धरून ठेवतात, म्हणून पातळ पत्रे लाटता येतात. आणखी एक सोय म्हणजे वाळलेल्या भांड्याला वाळलेला कान जोडता येतो. दोन्ही कडा ओल्या करायच्या, त्याच मिश्रणाची पातळ लापशी लावायची आणि दाबून धरायचं. साध्या मातीत हा जोड सुटतो. माती पंधरा दिवसांत संपवा, नाहीतर कागद कुजून वास मारतो. साठवायचीच असेल तर पातळ पोळ्या लाटून कडक वाळवून ठेवा आणि लागेल तेव्हा भिजवा.